कौल चालेल, जांभा नको

कोकणात कुणी घरी रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावला की महिन्याभरात हा प्रश्न येतोच: "विकतचा रीफ रॉक महाग, त्यात पार्सलचं भाडं. मागच्या पडवीत फुटकी कौलं, जांभ्याचे तुकडे, जुनी बरणी, पोतंभर शिंपले पडून आहेत. यातलं काही टँकमध्ये ठेवून त्यावर कोरल बसवता येईल का?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहितो.

येईल. कोरलला खाली खडक आहे की कौल, याच्याशी घेणंदेणं नसतं. त्याला न हलणारी, खरखरीत जागा लागते, आजूबाजूनं पाणी खेळतं लागतं, आणि ती वस्तू खाऱ्या पाण्यात काही सोडत नसली पाहिजे. वस्तू दिसते कशी हे शेवटी बघायचं.

एक गोष्ट मात्र आधीच. किनाऱ्यावर वाहून आलेला कोरलचा सांगाडा सुंदर दिसला तरी उचलायचा नाही. सगळी खडक बांधणारी कोरल, समुद्रपंखे आणि काळं कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला तुकडा घरात ठेवणं हाही गुन्हाच. म्हणून इथे कोरल म्हणतोय ती मऊ कोरल आणि त्यांच्या जवळची मंडळी: लेदर, मशरूम, झोअँथिड. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथली कोरल तिथेच राहू देत.

आता कौल. माझ्या मते कोकणातल्या माणसाला याहून चांगली वस्तू मिळणार नाही. भट्टीत नीट भाजलेलं, झिलई नसलेलं मंगलोरी कौल खाऱ्या पाण्यात जवळजवळ काहीच सोडत नाही. समुद्रात कोरलची पिल्लं किती रुजतात हे मोजायला शास्त्रज्ञसुद्धा भाजक्या मातीच्या फरशाच बुडवून ठेवतात.

पण प्रत्येक कौल चालत नाही. बोटानं टिचकी मारा. खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द आवाज आला तर ते कच्चं भाजलंय किंवा आत चीर आहे. मग एक कपची आठवडाभर पाण्यात ठेवून अंगठ्यानं चोळा. लाल रंग हाताला लागला तर ते कौल बाद, कारण टँकमध्ये त्याचा हळूहळू गाळ होईल. रंग किंवा डांबर लावलेलं, चुलीवरच्या छपरातलं तेलकट काजळी धरलेलं, आढ्याजवळचं सिमेंट चिकटलेलं कौल घेऊच नका.

साफ करायला काथ्याचा ब्रश घ्या. तारेच्या ब्रशचे केस तुटून छिद्रांत अडकतात आणि तिथेच गंजतात. शेवाळ निघालं की एक भाग साधं, बिनवासाचं लिक्विड ब्लीच आणि दहा भाग पाणी यात २४ तास बुडवा. त्या पाण्यात व्हिनेगर चुकूनही घालू नका, क्लोरीन वायू सुटतो. माती ब्लीच पिते, म्हणून पुढे तीन दिवस रोज पाणी बदला, शेवटच्या पाण्यात क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट टाका आणि कडक उन्हात वाळवा. वास पूर्ण गेला पाहिजे.

इथे बरेच जण थांबतात, आणि पुढच्या महिन्यात टँक हिरवागार होतो. छपरावरच्या कौलानं वर्षानुवर्षं पक्ष्यांची शीट आणि शेवाळ अंगावर घेतलेलं असतं; त्यातला फॉस्फेट मातीत मुरतो आणि ब्लीचनं जात नाही. म्हणून पंधरा दिवस मिठाच्या पाण्याच्या बादलीत, छोटा पंप लावून कौल ठेवा आणि मग फॉस्फेटची टेस्ट करा. लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर आला तर पाणी बदलून पुन्हा पंधरा दिवस. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

रचना करताना अख्खं कौल उभं करू नका. त्याच्या पन्हळीत घाण साचते आणि मागे पाणी मरतं. गोणपाटात गुंडाळून हातोडीनं तोडा. तीन फुटी टँकला तळहाताएवढे ते वीतभर असे सहा-सात तुकडे पुरतात. ८ मिमीच्या मेसनरी बिटनं, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून, पाणी सोडत सोडत भोकं पाडा; हॅमर चालू राहिला की तुकडा हमखास तडकतो. मग ६ मिमीच्या फायबरग्लासच्या कांड्या ओवायच्या, दोन तुकड्यांमध्ये पीव्हीसी पाइपचे दीड इंची तुकडे घालायचे आणि जोडांवर पाण्यात चालणारी इपॉक्सी पुट्टी दाबायची. वरचा तुकडा खालच्यावर सावली पाडणार नाही असा सरकवून बसवा आणि प्रत्येकाला पुढच्या बाजूला थोडा उतार द्या, म्हणजे घाण ओघळून खाली येते. सगळा सांगाडा वाळू घालण्याआधी थेट तळावर, खाली प्लॅस्टिकची जाळी घालून टेकवा. वाळूवर ठेवलात तर वाळू उकरणारा गोबी मासा खालून उकरेल आणि तो एक दिवस काचेवर पडेल. मागच्या काचेपासून चार बोटं जागा सोडा, काच खरवडायचा स्क्रेपर जायला हवा.

पहिले काही आठवडे कौलावर तपकिरी थर येतो. नव्या, कोऱ्या पृष्ठभागावर तो येतोच, शिवाय मातीतून थोडं सिलिकेटही सुटत असतं. घाबरून औषधं ओतू नका. गुलाबी-जांभळं कोरलाइन, म्हणजे दगडासारखं कडक शेवाळ, यायला काही महिने लागतात. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) ८ ते ९ डीकेएच या एककात, मॅग्नेशियम लिटरला १३०० मिलिग्रॅमच्या आसपास स्थिर ठेवलं तर ते येतं.

कौलात जिवाणू राहतात, पण सच्छिद्र रीफ रॉकइतके नाहीत. सगळी रचना कौलाची असेल तर सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) जिवाणूंना राहायला सच्छिद्र सिरॅमिक मीडिया भरपूर ठेवा आणि मासे कमी ठेवा.

कोरल बसवताना पुट्टीच्या गोळीच्या दोन्ही बाजूंना सुपरग्लू जेल लावून दाबा. लेदर कोरल बुळबुळीत, ते गोंदाला जुमानत नाही. त्याला तंगुसानं सैलसर बांधा, दोनेक आठवड्यांत ते स्वतःच धरतं. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. झोअँथिड चिकटलेला दगड किंवा कौल कधीही उकळू नका; वाफेतून घरातली माणसं आजारी पडतात.

कालवं-तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा उत्तम उपयोग सिमेंटबरोबर होतो. एक भाग साधं सिमेंट, दोन भाग धुऊन कुटलेले शिंपले, एक भाग खडे मीठ, पाणी बेतानं. वॉटरप्रूफिंगची पावडर नको. मीठ विरघळलं की आपोआप छिद्रं पडतात. ओल्या वाळूच्या साच्यात हव्या त्या आकाराचं ओतता येतं, पण नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि टँकचा पीएच ९ च्या वर जातो. त्यामुळे दीड-दोन महिने गोड्या पाण्यात, आठवड्याला पाणी बदलत ठेवा. शेवटी दोन दिवस त्याच पाण्यात ठेवून पीएच ८.५ च्या खाली राहिला तरच वापरा. पावसाळ्यात हे काम फुकट होतं, तुकडे पागोळ्यांखाली मांडून ठेवायचे. पागोळ्या कौलांच्या असाव्यात. पत्र्याच्या छपराखाली नको, जस्त उतरतं. आणि शिंपले घातले म्हणजे पीएच आपोआप सांभाळला जातो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. टँकच्या नेहमीच्या पीएचला ते विरघळतच नाहीत.

जांभा मात्र नको. आपल्या घराच्या भिंतीला तो उत्तम, पण लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा तो दगड टँकमध्ये झिजतो, लाल धूळ सोडतो, ती पंपात बसते. गोड्या पाण्यातल्या झाडांच्या टँकला लोह मिळावं म्हणून तो मुद्दाम घालतात, यातच उत्तर आलं. काळा दगड बिनधोक असतो, पण जड आणि छिद्रं कमी.

लोणच्याची बरणी वर्षभर मीठ आणि आंबट झेलते, म्हणून झिलई शाबूत असेल तर चालते. रंगीत नक्षीच्या शोभेच्या भांड्यांवर विश्वास ठेवू नका, रंगात शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. बरणी आडवी ठेवून मागेही भोक पाडा, नाहीतर आत पाणी कुजतं. काचेची बाटली निर्धोक, फक्त पॉलिश पेपरनं खरखरीत करावी लागते. करवंटी कुजते. पितळ आणि तांबं तर दारातच थांबवा: माशांना तांब्याचं औषध देताना पाण्यात तांबं लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात, आणि तेवढ्यानंही कोळंबी, गोगलगायी, कोरल मरतात.

किनाऱ्याची वाळूही आणू नका. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहाची खनिजं असतात. कण काच पुसायच्या चुंबकाला चिकटतात आणि पहिल्याच फेरीत काचेवर ओरखडा उठतो.

काहीही घालायचं तर एका वेळी एकच वस्तू घाला आणि दहा दिवस थांबा. शेजारची कोरल उघडायची बंद झाली तर वस्तू बाहेर काढा, ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा आणि एक चतुर्थांश पाणी बदला. दोन-तीन वस्तू एकदम घातल्या तर दोष कुणाचा ते कळत नाही, आणि सगळंच उपसावं लागतं.