तुम्ही विचारलेत म्हणून: किती प्रश्न सोडवले?

नोकरीच्या मुलाखतीसाठी लीटकोड या प्रोग्रॅमिंगच्या सरावाच्या संकेतस्थळावरचे किती प्रश्न सोडवले, हे कोल्हापूरच्या राजारामपुरीत भेटणारा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी मला विचारतो आणि हल्ली पालकही विचारू लागले आहेत. आकडा ४०० च्या वर आहे. तो सांगितला की पुढचे कोणी ऐकून घेत नाही, म्हणून ते आज लिहितो आहे.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघून मी सकाळी पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या एका कंपनीत मुलाखतीला बसलो. लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक घर पुढच्या घराचा पत्ता सांगते अशा साखळीत, चक्र आहे की नाही, म्हणजे ती फिरून मागच्याच घरावर येते का, ते ओळखा, असा प्रश्न आला. फ्लॉइड या संगणकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी रीत मला तोंडपाठ होती: एक पॉइंटर (आपण कोणत्या घरावर आहोत ते दाखवणारी खूण) एकेक घर पुढे न्यायचा, दुसरा दोन-दोन घरे, आणि दोघे भेटले की चक्र आहे. पाच मिनिटांत मी फळ्यावर कोड लिहिला. समोरच्या बाईंनी तो वाचून शांतपणे विचारले, "पण दोघे भेटतीलच कशावरून? वेगाचा पॉइंटर दुसऱ्याला ओलांडून पुढे का जात नाही?" मी पुन्हा कोडच वाचून दाखवला. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. मी मार्करचे टोपण काढत आणि लावत राहिलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "असू द्या, पुढे जाऊ." पुढे काय विचारले ते मला आजही आठवत नाही.

घरी आल्यावर ताटाच्या कडेने ८ शेंगदाणे मांडले आणि दोन नाणी त्यांच्यावरून फिरवली. दोघे चक्रात शिरले की त्यांच्यातले अंतर दर पावलाला बरोबर एकाने घटते. तीन, दोन, एक, शून्य, आणि शून्य चुकवता येत नाही. वेगाचे नाणे तीन-तीन घरे चालवले तेव्हा अंतर दोनाने घटू लागले आणि एकच घर उरले असता ते पुढच्याला ओलांडून गेले. आईने जेवायला ताट मागेपर्यंत मी तेच करत होतो.

मग पाठांतर वाया गेले, असे मात्र मला म्हणवत नाही. अशी रीत ४५ मिनिटांत स्वतः शोधून काढणे माझ्याने झाले नसते, आणि जिथे नोकरी लागली तिथे ओळखीचाच प्रश्न आला होता. त्याआधी ज्युनिअर मुलांना मीच ३०० प्रश्नांची यादी वाटली होती आणि तिच्यात 'का' लिहायला रकाना नव्हता. त्या यादीवर काहींना नोकऱ्या लागल्या, हेही खरे आहे. आधी पगार सुरू होऊ दे, समज मागाहून येईल, असे तेव्हा मी म्हणत असे. घरात कर्जाचा हप्ता चालू असलेल्या मुलाला ते चूक आहे, असे आजही मी ठामपणे सांगू शकत नाही.

आता कोणी आकडा विचारला तर सांगतो आणि लगेच त्या बाईंचा प्रश्न विचारतो. बहुतेक जण कोड लिहून दाखवतात.