गावी राहून जर्मन : खोका, कार्डं आणि गणपतीची सुट्टी

नर्सिंग झाल्यावर जर्मनीला जायचं म्हणून भाषा शिकणारी बरीच मुलं-मुली आता रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरी राहूनच शिकतात. क्लास ऑनलाइन, परीक्षेला मुंबई नाहीतर पुण्याचं मॅक्समुल्लर भवन, म्हणजे जर्मन भाषेची संस्था. नर्सच्या नोकरीसाठी भाषेची साधारण बी-2 पातळी लागते, म्हणजे ए-1 पासून मोजलं तर चौथी पायरी. तिथवर टिकायचं तर रोजची सवय हवी.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो तोच धडा पुन्हापुन्हा वाचण्यात. तिसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटतं, पण बोलायला तोंड उघडलं की शब्द सापडत नाही. म्हणून पुस्तक मिटून आठवायचं. त्यासाठी सेबास्टियान लाइटनर यांनी 1972 मध्ये मांडलेली खोक्याची पद्धत अजूनही उत्तम आहे. जाड कागदाची छोटी कार्डं कापा आणि बुटाच्या खोक्यात पाच कप्पे करा. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज विचारायची, पुढची 2, 4, 8 आणि 16 दिवसांनी. उत्तर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर कुठूनही थेट पहिल्यात. पावसाळ्यात पुठ्ठा बुरसटतो, तेव्हा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या.

रोज 10 नवी कार्डं पुरे. पाच कप्पे चालू झाले की 10 नव्यांमागे रोज 50 कार्डं समोर येतात, चुकलेली वेगळी. उत्साहात 20 नवी घेतली की रोजची 100 होतात आणि महिन्याभरात डबा माळ्यावर जातो.

गणपतीत आठवडाभर अभ्यास होत नाही, होऊही नये. पण दोनशेच्या वर कार्डं साठतात. परतल्यावर नवीन काही घेऊ नका. आधी पहिला-दुसरा कप्पा संपवा, कारण तिथले शब्द कच्चे असतात आणि लवकर पुसतात. बाकीची चार-पाच दिवसांत वाटून घ्या.

कार्डावर मराठी बाजू वर ठेवून जर्मन आठवायचं. नाम कधीच एकटं लिहू नका: आर्टिकल (नामाआधी येणारा, लिंग दाखवणारा शब्द) आणि अनेकवचन सोबत हवंच. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत, पण अंदाजाने लावली तर फसगत होते. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांची 'झोनऽ' स्त्रीलिंगी. उच्चार देवनागरीत लिहायचा मोह टाळा, नाहीतर 'ich' (मी) कायमचं 'इश'च राहतं. 'य' म्हणायला जीभ ठेवतो तिथेच ठेवून नुसती हवा सोडली की तो शेवटचा आवाज येतो. दोन ठिपक्यांच्या 'यू'साठी ओठ 'ऊ'चे करून 'ई' म्हणा.

व्याकरण शक्यतो मराठीतूनच समजून घ्या, असं आमचं ठाम मत आहे. 'मला थंडी वाजते' याला जर्मनमध्ये 'मिअर इस्ट काल्ट', म्हणजे तिथेही 'मला'च. इंग्रजीवरून गेलं की 'इश बिन काल्ट' निघतं आणि अर्थ भलताच होतो. 'वाइल' (कारण) नंतरच्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं, हेही मराठी माणसाला सहज पचतं.

ऐकण्याची सवय मात्र वेगळी लावावी लागते. धड्याचा 30 सेकंदांचा तुकडा घ्या. तीनदा नुसता ऐका, मग थांबवत-थांबवत वहीत उतरवा आणि छापील मजकुराशी लाल पेनाने ताडून बघा. सुटतात ते बहुधा शेवटचे 'न', 'म', 'र', आणि विभक्ती नेमकी त्यातच असते. मग आवाजाबरोबर, अर्ध्या शब्दाच्या अंतराने, मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटल्याने जीभ वळत नाही. रेंज आणि वीज दोन्ही पावसात बेभरवशाची, म्हणून जूनआधीच पुढच्या धड्यांचे ऑडिओ मोबाईलवर उतरवून ठेवा.