खालचा कप्पा

रविवार, रात्री साडेदहा

दुपारी सुतार माप घ्यायला आला होता. म्हणाला, "ताई, ओट्याखालचा हा कप्पा रिकामाच आहे, दोन मोठे ड्रॉवर बसतील." मी पटकन बोलून गेले, "नको, खाली पाणी येतं." तो बघतच राहिला. आम्ही नाशिकला, इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

सप्टेंबर २००८. मी आठवीत होते. भांडीबाजारात बाबांचं तांब्या-पितळेचं छोटं दुकान होतं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आपल्याकडे गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. पाणी त्याच्या गुडघ्याला असेपर्यंत लोक पूर बघायला जातात, कमरेला लागलं की सराफबाजार-भांडीबाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. बाबांनी जमेल तेवढं चढवलं. बाकीचं पाण्यात गेलं.

पाणी उतरल्यावर आम्ही शटर उघडलं. तांब्यांच्या नक्षीत चिखल घट्ट बसला होता. आई, मी आणि बाबा चिंचेचा कोळ घेऊन चार दिवस घासत होतो. एक मोठं घंगाळ कोपऱ्यात उलटं अडकलेलं सापडलं. काठाला पोचा पडला होता, बाकी धड होतं.

सगळ्यात वाईट अवस्था उधारीच्या वहीची होती. पानं एकमेकांना चिकटलेली. बाबांनी एकेक पान सोडवून दोरीवर वाळत घातलं. शाईचे आकडे निळे डाग होऊन गेले होते, पण घाईत पेन्सिलीनं लिहिलेल्या नोंदी जशाच्या तशा होत्या. काही गिऱ्हाइकं आपणहून येऊन रक्कम सांगून गेली, काही फिरकलीच नाहीत. बाबांनी एकालाही विचारलं नाही.

ही रोजनिशीसुद्धा मी पेन्सिलीनं लिहिते. शाईची पेनं आवडत नाहीत, असंच आजवर सगळ्यांना सांगत आले, आणि मलाही ते खरंच वाटत होतं. पावसाळ्यात बातम्यांत धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग ऐकला की मनातल्या मनात हिशेब सुरू होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या वर, म्हणजे १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. हे सगळं मी माझा स्वभाव समजत होते.

संध्याकाळी बाबांना फोन केला. सुताराचं ऐकून ते हसले नाहीत. म्हणाले, "अगं, तुझी आजी १९६९च्या पुरानंतर तांदळाचा डबा कायम माळ्यावर ठेवायची." मला आठवली ती. गुडघे दुखत असताना शिडी चढणारी, आणि तिच्यावर ओरडणारे आम्ही सगळे. आजीचा पूर मी पाहिलेला नाही. पण खालचा कप्पा रिकामा ठेवायला मला कधी कुणी शिकवलं नव्हतं, ते मी तिला बघूनच उचललं असणार. आज ती असती तर तिला शिडीवरून उतरवून जवळ बसवलं असतं आणि त्या रात्रीचं सगळं विचारलं असतं.

सकाळी सुताराला फोन करते. एक ड्रॉवर करून घेईन. दुसऱ्या जागी बाबांकडचं ते पोचा पडलेलं घंगाळ ठेवणार आहे. त्याला पाण्याचं काही नाही.