बांधावरचा जाड साग आणि बियाण्याचा घोळ

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात उसाच्या बांधावर कवेत न मावणारा साग दिसला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "याचं बी मिळंल का?" मिळेल की. पण ती जाडी सागाच्या रक्तातली किती आणि उसाला सोडलेल्या पाण्याची, युरियाची किती, हे झाडाकडं बघून कळत नाही. बांधावर उन्हाला वाटेकरी नसतो, त्यामुळं घेर वाढतो आणि फांद्याही खालपासूनच फुटतात. शिवाय आसपास दुसरा साग नसेल तर परागीभवन स्वतःच्याच परागानं होतं. सागात अशी फळं मुळातच कमी धरतात, आणि धरली तरी रोपं दुबळी निघतात.

म्हणून मातृवृक्ष, म्हणजे ज्याचं बी घ्यायचं ते झाड, निवडायचा तो एकाच वयाच्या सलग लागवडीतून. एक झाड डोळ्यात भरलं की त्याच्याभोवतीची पाच चांगली झाडं घ्यायची आणि सहाही मोजायची: साडेचार फुटांवरचा घेर, एकूण उंची, पहिल्या जाड फांदीपर्यंतचं सरळ खोड. डोळ्यात भरलेलं झाड बाकी पाचांपेक्षा सरस भरलं तरच घ्यायचं. सालीवरच्या रेषा पिळल्यासारख्या वर गेल्या असतील तर ते झाड सोडून द्या, लाकडाचा पीळ करवतीखाली रडवतो. लागवडीच्या कडेची आणि ओढ्याकाठची झाडं बाद. निवडलेल्या दोन झाडांत किमान १०० मीटर अंतर ठेवायचं, नाहीतर भावंडंच गोळा होतात. अशी २५-३० झाडं तरी हवीत. पाच-सहा झाडांवर भागवलं तर दोन पिढ्यांनी नात्यातच लग्नं लागतात.

आता हिशोब. लागवडीची सरासरी जाडी २० सेंटिमीटर आणि निवडलेल्यांची २६, म्हणजे फरक ६ चा. वाढीच्या गुणांत आनुवंशिक वाटा साधारण १० ते ३० टक्केच असतो. २० टक्के धरला तर पुढच्या पिढीला मिळतात फार तर १.२ सेंटिमीटर, तेही पराग देणारी झाडं तशीच निवडलेली असतील तर. बाकीचं जमिनीचं आणि नशिबाचं. लाकडाची घनता मात्र वारशानं बरीच जास्त उतरते, तिथं निवड लवकर फळते. एका पिढीत दुप्पट वाढ सांगणाऱ्या रोपवाटिकेत चहा प्यावा आणि परत यावं.

निवड खरी की खोटी हे चाचणीत ठरतं. प्रत्येक मातृवृक्षाची रोपं वेगळी ठेवून पाच गटांत लावायची. दर गटात प्रत्येक कुटुंबाची, म्हणजे एकाच मातृवृक्षाच्या रोपांची, चार रोपं एका ओळीत, क्रम चिठ्ठ्या टाकून, सोबत नेहमीच्या बियाण्याची रोपंही, आणि भोवती दोन ओळी कडेच्या. हे सगळं दोन ठिकाणी करायचं, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात टाळताच येत नाही. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, तर शंभरेक किलोमीटर पूर्वेला शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. वर जांभा, खाली काळी आणि क्षारपड. साग जांभ्यावर खुरटतो आणि पाणी साचलं की मुळानं मरतो. एकीकडं पहिलं आलेलं कुटुंब दुसरीकडं विसावं येऊ शकतं. पावसाचा भरवसा कमी होत चाललाय, तेव्हा तीसपैकी सात-आठ मातृवृक्ष आपल्यापेक्षा कोरड्या भागातले घ्यावेत. ते सुरुवातीला मागं पडले तरी लगेच उपटू नयेत.

बी गोळा करायचं डिसेंबर ते फेब्रुवारी. झाडाखाली झाडून घेतलेल्या जागेवर पडलेलंच वेचा, आणि वरचा फुगा पोत्यात घालून चोळून काढा. पेरणीआधी शंभर फळं आडवी कापून बघाच. चार कप्पे दिसतात आणि मधोमध पाचवं भोक. नवखा माणूस त्या भोकातही बी शोधतो, पण ते पोकळच असतं. कप्प्यांत पांढरं, तेलकट बी असेल तर ठीक. निम्म्याहून जास्त फळं रिकामी निघाली तर अख्खी थैली बाजूला ठेवा.

फळं १२ तास पाण्यात, १२ तास उन्हात, असं दहा ते चौदा दिवस चालवायचं. मग एप्रिल-मेमध्ये गादीवाफ्यावर पेरायची. उगवण लांबत जाते, काही बी पुढच्या पावसाळ्यातही डोकं काढतं. इथंच सगळ्यात मोठी चूक होते. आधी उगवलेली तरतरीत रोपं उचलली जातात, उशिराची मोडली जातात, आणि तीस मातृवृक्षांचं बियाणं नकळत दहांवर येतं. दर कुटुंबाचा वाफा वेगळा ठेवा, पाटी पत्र्याची लावा. कागदी पाटी वाळवी खाते आणि शाई पहिल्या वळवातच धुऊन जाते. वर्षानं अंगठ्याएवढ्या जाडीच्या जड्या, म्हणजे वरून-खालून छाटलेली रोपं, काढायच्या: खोड दोन-तीन सेंटिमीटर, मूळ पंधरा ते वीस. पहिला दमदार पाऊस झाला की पहारीनं भोक पाडून लावायच्या आणि माती घट्ट दाबायची. मुळाशी पोकळी राहिली की जडी कुजते.

'टिश्यूकल्चर' हा शब्द ऐकून भुलायचं कारण नाही. ती एकाच झाडाची हुबेहूब नक्कल आहे, तिलाच क्लोन म्हणतात. मातृवृक्ष तपासलेला नसेल तर लाख रोपांत तेच अज्ञान लाख वेळा. निलगिरीच्या क्लोनची लागवड झाली, त्यांनी कागद उद्योगाला उत्पन्नही दिलं, पण २००० नंतर पानांवर गाठी करणारी इवली गांधीलमाशी आली तेव्हा नाजूक क्लोनचे पट्टेच्या पट्टे एकदम वाकडे झाले. क्लोन लावायचेच तर आठ-दहा वेगवेगळे घ्या, पट्ट्यापट्ट्यांनी लावा.

चाचणीतली मागासलेली कुटुंबं पुढं काढून टाकली की उरलेली झाडंच बियाण्याची बाग होते. विरळणीच्या तोडीचा अर्ज मात्र आधीच टाका. सागाला स्वतःच्या रानातही परवानगी लागते, आणि फांद्या एकमेकींत घुसल्यावर धावपळ केली तर फुलोऱ्याचा एक हंगाम तसाच जातो.