तुम्ही विचारलंत म्हणून: मी पहिली का उतरते

"तुझा हात सगळ्यांत चांगला, मग तू शेवटी का उतरत नाहीस?" वडोद्यातल्या आमच्या मंडळात तिघातिघांच्या संघांचे व्हिडिओ गेमचे सामने होतात, त्यांबद्दल हे मला गणपतीत विचारतात, दिवाळीच्या फराळाला विचारतात. मध्यंतरी खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेत होते, तर तिथेही मांजलपूरच्या एका मुलाने गाठून विचारलं, "छेल्ले तू केम नहीं?" उभ्याउभ्या दिलेलं उत्तर कुणाला पटत नाही. माझं बोलणं संपायच्या आत समोरचा मान हलवतो. म्हणून आज बसून लिहिते.

'किंग ऑफ फायटर्स ९८' हा मारामारीचा गेम कसा असतो ते विचारणाऱ्यांना माहीत आहे. आमच्या मंडळाचा नियम तेवढा सांगते. संघ तिघांचा, आणि खेळणारेही तिघं, एकेकाच्या हातात एकेक फायटर. पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण हे आधी लिहून द्यायचं. सगळा वाद या यादीवरून आहे.

शेवटी उतरण्यात मान आहे असं लोक धरून चालतात. आमच्या काकांचं तर ठाम मत आहे. ते जुम्मादादा व्यायाम मंदिरात व्यायामगुरू माणिकरावांची परंपरा सांगणाऱ्या लोकांत वाढले. दंगलीत मोठी कुस्ती शेवटी लागते, लोक तिच्यासाठी थांबतात, असं ते म्हणतात. काका, कुस्तीत प्रत्येक जोड नवी असते. आधीच्या पैलवानाने समोरच्याला किती दमवलं याचा शेवटच्या जोडीशी संबंध नसतो. इथे जिंकणारा त्याच जखमा घेऊन उभा राहतो. राउंड संपल्यावर त्याला थोडी शक्ती परत मिळते, पण शक्तीची पट्टी काही पूर्ण भरत नाही. समोर मात्र ताजा माणूस येतो. म्हणजे मी हरले तरी समोरच्याची अर्धी पट्टी खाऊन हरले, तर पुढच्याचं अर्धं काम झालेलं असतं. हे हरणं मोजायचं की नाही?

दुसरी गोष्ट स्टॉकची, म्हणजे साठवलेल्या ताकदीची. गेममधल्या खेळायच्या दोन पद्धतींपैकी आम्ही ॲडव्हान्स्ड मोड घेतो. त्यात वार करताना, विशेष चाली टाकताना खालची पट्टी भरते आणि एकेक स्टॉक जमतो. एका स्टॉकवर सुपर, म्हणजे खास जोरदार वार, मारता येतो. एक जाळून मॅक्समध्ये, म्हणजे थोडा वेळ वाढीव ताकदीत, गेलात आणि दुसरा हाताशी असला, तर सुपरचं मोठं रूप निघतं. ब्लॉक करत कोपऱ्यात अडकलात, तर एक स्टॉक देऊन ब्लॉकमधूनच सुटता येतं. हे जमलेले स्टॉक माझ्याबरोबर मरत नाहीत, माझ्यामागून येणाऱ्याला मिळतात. शिवाय पहिल्याला तीनच स्टॉक ठेवता येतात, एक गडी पडला की चार, दोन पडले की पाच. पडलेल्याचा उपयोग पुढच्याला व्हावा हे गेम बनवणाऱ्यांनीच आत घालून ठेवलंय. १९९४ च्या पहिल्या भागापासून एसएनके या गेम बनवणाऱ्या कंपनीने तिघांचा संघ ठेवला, तेव्हा संघ ठरलेले असायचे, ९५ पासून आपले आपण निवडता येऊ लागले. आवडते तीन चेहरे एकत्र आणले म्हणजे संघ होत नाही. एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या कामी आलं पाहिजे.

म्हणून मी अथेना ही फायटर घेऊन पहिली जाते. लांबून सायको बॉल, म्हणजे तिचे ऊर्जेचे गोळे, टाकत राहायचं, समोरचा लोळण घेऊन आत आला की पकडून फेकायचं. लोळणारा वारातून सुटतो, पकडीतून सुटत नाही. घड्याळ साठावरून उतरत असतं. वेळ संपली की ज्याची शक्ती जास्त तो जिंकला. बघायला कंटाळवाणं वाटतं, मान्य. मागे बसलेले "अगं मार ना!" म्हणून ओरडतात. पण त्या वेळात मी स्टॉक जमवत असते. आणि हे काम सर्वांत कच्च्या गड्याचं नाही. समोरचा कोण आहे, काय खेळतो, घाबरतो कशाला, हे सगळं पहिल्याला कोरं असताना ओळखायचं असतं. नव्या लोकांना वाटतं, बाई आहे म्हणून पहिली पाठवून मोकळे झाले. त्यांचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

आता त्या फायनलबद्दल. तुम्ही विचारता ते खरं तर तिच्याचबद्दल, नाव तेवढं घेत नाही.

दांडिया बाजारातला आमच्या मंडळाचा हॉल, आरती झालेली, भिंतीवर चादर ताणून प्रोजेक्टर लावलेला. आमची यादी अशी: मी, मग राल्फ घेतलेला माझा मावसभाऊ, शेवटी टेरी घेतलेला माझा भाचा. भाचा तेव्हा दहावीत होता. यादी मीच लिहिली होती. पहिल्या गड्याला मी वेळ संपवून हरवलं. दुसरा दाइमोन घेऊन आला. दाइमोन म्हणजे ज्युडोवाला, जवळ आला की सरळ उचलून आपटतो, आणि त्या पकडीला ब्लॉक चालत नाही. उरलेल्या पट्टीवर मी जेवढं लांब ठेवता आलं तेवढं ठेवलं, अर्ध्याहून जास्त खाल्लं, आणि पडले. पडताना आमच्याकडे तीन स्टॉक भरलेले होते. मावसभावाने एक वापरून दाइमोनला संपवत आणलं, पण शेवटच्या क्षणी दोघांचे वार एकदम लागले. डबल केओ. दोघंही बाहेर. एवढ्यात आमची स्टॉकची पट्टी पुन्हा भरली होती. भाच्याच्या हाती तीन स्टॉक, पूर्ण शक्ती. समोर त्यांचा शेवटचा इओरी, पूर्ण शक्ती, एक स्टॉक. कागदावर आम्ही पुढे होतो. मी ठरवलं होतं त्याहूनही चांगलं जमलं होतं.

इओरी छोट्या उड्या मारत आत आला. त्याची ती उलटी लाथ असते, डोक्यावरून पलीकडे जाता जाता मागून लागते. भाचा उजवीकडे ब्लॉक धरून बसला होता, लाथ डावीकडून बसली. पुन्हा तीच. तिसऱ्यांदा त्याने बाजू ओळखली, ब्लॉक बरोबर पडला, आणि इओरीने वार सुरूच ठेवले. इथे सी आणि डी ही दोन बटणं एकदम दाबायची, बस. एक स्टॉक जातो, समोरचा उडून लांब पडतो. घरी त्याने हे एवढ्या वेळा केलं होतं की झोपेत केलं असतं. मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होते. अंगठा डी वर होता, दुसरं बोट सी वर होतं. दाबलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे सुपर मार!" त्याने सुपर मारला, तोही इओरीने ब्लॉक केला. नंतरचं सांगण्यासारखं नाही. दोन स्टॉक तसेच चमकत राहिले.

टाळ्या वाजल्या. त्यांच्यासाठी वाजल्या, वाजायलाच हव्या होत्या. आमच्यातलाच एक मोठा माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, "पोराला शेवटी ठेवलं, दुसरं काय होणार?" भाचा पॅडची वायर गुंडाळत होता. ती त्याने नीट गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. घरी जाताना न्यायमंदिरापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "आत्या, तू असतीस तर जिंकलो असतो." मी म्हटलं, "मी शेवटी असते तर तुझ्या हातात तीन स्टॉक आले नसते." हे उत्तर बरोबर आहे, त्याला नको असलेलंही आहे.

त्यानंतर तो मंडळात खेळला नाही. बारावी होती, मग कॉलेज, कारणं आहेत. तुम्ही मला विचारता तेव्हा माझा आवाज चढतो तो याच्यामुळे.

एके काळी मी शेवटीच उतरायचे. काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात मागे गेमचं मशीन होतं. मी काउंटर सांभाळायचे आणि गर्दी कमी झाली की खेळायचे. दोघं हरले की मी, आणि समोर कधी दोन, कधी तीनही उभे. ते सगळे एकटीने काढण्यात जी मजा आहे ती मी नाकारत नाही. ती मुलगी आज माझ्याशी भांडते. म्हणते, तू वाचवू शकत होतीस, मग दुसऱ्याच्या बोटांवर का सोडलंस? मी म्हणते, तू शेवटी उरलीस की तुझ्यामागे कुणी नसतं. तू जमवलेलं वाया जातं, तू पाहिलेलं कुणाला सांगता येत नाही, आणि आधीचे दोघं फक्त तू येईपर्यंत वेळ काढतात. ते खेळायला शिकणार कधी? ती म्हणते, शिकायचं तर सरावात शिकावं, फायनलमध्ये का? यावर मी बरंच काही म्हणून पाहिलं आहे. ती गप्प बसत नाही.

हिशेब माझ्या बाजूने आहे, हे मी अजूनही म्हणेन. स्टॉक पुढे जातो, जखम पुढे जाते, मर्यादा तीनाची चार आणि चाराची पाच होते, हे माझं मत नाही, गेम असाच चालतो. भीती मात्र कुठल्या पट्टीत दिसत नाही, आणि शेवटी उतरणाऱ्याच्या वाट्याला ती सगळ्यांत जास्त येते. ती मी यादीत धरायला हवी होती असं तुम्ही म्हणाल. मग प्रत्येक वेळी सगळ्यांत निबर माणूसच शेवटी बसणार, आणि पोरं कायम पहिली पडणार. तेही मला मान्य नाही.

यंदा भाचा गणपतीत घरी येतोय, आणि फोनवर आपणहून म्हणाला की खेळेन, पण पहिला उतरेन. यादी अजून मी दिलेली नाही. पहिलं नाव त्याचं लिहिलं तर अथेना दुसरी जाते, आणि दाइमोनसमोर टेरीने किती वेळ काढायचा ते त्याला आधी शिकवावं लागेल. मावसभाऊ म्हणतो, मग तू शेवटी ये. त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही.