लॉजवरचं वायफाय आणि माझा मेल

बहिणीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी आम्ही दोघं वसमतहून छत्रपती संभाजीनगरला निघालो, तेव्हा जुलै चालू होता. वसमत ते परभणी एसटीनं, पुढं रेल्वेनं. सेलू, जालना करत गाडी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. सकाळी दहाला कागदपत्रं तपासून घ्यायची होती, म्हणून स्टेशनजवळच्या एका लॉजवर उतरलो. खोलीत गेल्या गेल्या तिनं फाईल पलंगावर पसरली आणि एकेक कागद मोजायला लागली.

"दादा, नॉन क्रीमी लेयरची झेरॉक्स हाय, पण पीडीएफ कुठंय? उद्या मागितली तर?"

पीडीएफ माझ्या मेलमध्ये होती. दोघांचाही दिवसाचा दीड जीबी गाडीतच संपलेला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत रेंजही धड नव्हती. फोनवर वायफायची यादी उघडली तर लॉजच्या नावाची दोन नेटवर्क दिसली. एकापुढं कुलपाचं चिन्ह होतं आणि रेंज अगदी कमी. दुसऱ्याच्या नावात 'फ्री' जोडलेलं, कुलूप नाही, रेंज पूर्ण. मी दुसरं लावलं.

लगेच एक पान उघडलं. वर लॉजचं नाव, खाली 'गुगलनं लॉगिन करा'. मी मेल टाकला, पासवर्ड टाकला. चाक क्षणभर फिरलं आणि नेट सुरू झालं. पीडीएफ उतरवून घेतली, बहिणीला दाखवली, ती निश्चिंत झोपली. पुढं अर्ध्या तासानं, मी दिवा बंद करायला उठलो तेव्हा फोनवर सूचना आली: तुमच्या खात्यात नव्या विंडोज कॉम्प्युटरवरून प्रवेश झाला आहे.

माझ्याकडं कॉम्प्युटरच नाही.

खाली धावत गेलो. काउंटरवरच्या काकांना विचारलं, "काका, तुमचं ते फ्री नावाचं वायफाय कुणाचं?" ते म्हणाले, "आमचं एकच हाय बाबा, पासवर्डवालं. त्याचं मशीन बी खालीच हाय, वर तिसऱ्याला रेंज पोचत नाही. फ्री-बिरी आम्ही काही ठेवलेलं नाही." हे ऐकून माझे हातपाय गार पडले. त्या मेलमध्ये नुसती बहिणीची कागदपत्रं नव्हती. पीक विम्याचा अर्ज भरताना मी अण्णांचं आधार, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, सगळं स्वतःलाच मेल करून ठेवलं होतं.

पहिलं काम केलं ते वायफाय बंद करायचं. ज्या नेटवर्कनं पासवर्ड नेला, त्याच नेटवर्कवर बसून नवा पासवर्ड टाकण्यात अर्थ नव्हता. समोरच्या चहाच्या टपरीवाल्या भाऊंना अडचण सांगितली. त्यांनी काही न विचारता आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला आणि पासवर्ड कागदावर लिहून दिला. टपरीच्या बाकड्यावर बसून मी जे केलं ते क्रमानं सांगतो, कारण त्या वेळी मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

आधी पासवर्ड बदलला. मग खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन 'तुमची उपकरणं' बघितली. तो विंडोज कॉम्प्युटर तिथं दिसत होता, त्याला बाहेर काढलं. एवढ्यावर मी थांबलो असतो, पण खाली रिकव्हरी ईमेलचा रकाना दिसला. तिथं एक असा पत्ता होता जो मी कधी टाकलाच नव्हता. म्हणजे मी पासवर्ड बदलूनही त्या माणसाला खातं परत मिळवायची वाट राहिली असती. तो पत्ता काढला. मग मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासले. तिथं गुपचूप नियम लावून ठेवला तर येणारा प्रत्येक मेल दुसरीकडं जात राहतो आणि मालकाला पत्ता लागत नाही. माझ्या नशिबानं तिथं काही नव्हतं. शेवटी टू-स्टेप पडताळणी चालू केली, म्हणजे नुसत्या पासवर्डवर खातं उघडत नाही, आणखी एकदा खात्री करावी लागते. हाच पासवर्ड मी रेल्वे तिकिटाच्या खात्याला आणि आणखी एका ठिकाणी लावलेला होता, तेही बदलले. हे सगळं होईपर्यंत बारा वाजले. भाऊंनी टपरी बंद करायची थांबवली होती. चहाचे पैसे घेतले, नेटचे घेतले नाहीत.

बँकेतून पैसे गेले नाहीत. गेले असते तर सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या क्रमांकावर तिथूनच फोन लावायचा होता. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता यावेत यासाठीच तो क्रमांक आहे, त्यामुळं तिथं मिनिटंसुद्धा मोलाची. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकात मुदतही दिलेली आहे: चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकारात बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. पण पिन किंवा पासवर्ड आपणच कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. माझ्यासारख्यानं ही दुसरी ओळ दोनदा वाचावी. मी दुसऱ्या दिवशी सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली, ती मेलपुरती.

परभणीला एक मावसभाऊ कॉम्प्युटर शिकवतो. सकाळी कागदपत्रांच्या रांगेत उभा असताना त्याला फोन केला. माझ्या मनात होतं की उघड्या वायफायवर कुणीतरी हवेतून माझा पासवर्ड टिपला. तो म्हणाला, "हवेतून नाही, तू हातानं दिलास." मग त्यानं समजावलं. उघड्या वायफायवर फोन आणि राउटरमधलं बोलणं कुलूपबंद नसतं हे खरं, शेजारी बसलेला ते ऐकू शकतो. पण आता बहुतेक साइट आणि बँकांची ॲप स्वतःचं वेगळं कुलूप लावून बोलतात, पत्त्यात एचटीटीपीएस असतं ते तेच. ऐकणाऱ्याला फार तर तू कुठल्या साइटवर गेलास ते कळेल, आत काय लिहिलंस ते नाही. धोका नावात आहे. वायफायचं नाव कुणी तपासत नाही. कुणीही आपल्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला लॉजचं, बसस्टँडचं, दवाखान्याचं नाव देऊ शकतो, स्वतःच्या डेटावरून तुला नेट पुरवू शकतो आणि मधलं पान स्वतःचं लावू शकतो. आणि अशा पानाच्या छोट्या खिडकीत पत्ता इतका बारीक दिसतो की तिकडं लक्षच जात नाही.

त्यानं पासकी लावायला सांगितली, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्याच कुलपानं, अंगठ्यानं किंवा पिननं, खातं उघडायची सोय. ती मी लावली. ओटीपीसुद्धा खोट्या पानावर टाकला तर समोरचा तो लगेच खऱ्या पानावर वापरू शकतो. पासकी मात्र खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्ता खोटा असेल तर फोन ती पुढं करतच नाही. व्हीपीएनचं, म्हणजे आपलं नेटवरचं सगळं कुलूपबंद करून मधल्या एका कंपनीमार्फत नेणाऱ्या ॲपचं, विचारलं तर म्हणाला, चांगल्या कंपनीचं असेल तर उपयोग आहे, पण खोट्या पानावर तूच पासवर्ड लिहिलास तर व्हीपीएन काय करणार? फुकटातल्या व्हीपीएनला तर तो सरळ नको म्हणाला, कारण तिथं आपलं सगळं जाणं-येणं एका अनोळखी माणसाच्या हातून होतं.

परतीला गाडी दोन तास उशिरा होती. फलाटावर बसून मी रेलवायर, म्हणजे रेल्वे स्थानकावरचं वायफाय, लावलं. स्थानकांवरची ही सोय जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाली. आधी फलाटावरच्या फलकावरचं नाव आणि फोनमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघितलं. पानानं मोबाईल नंबर मागितला, ओटीपी आला, तो टाकला, अर्धा तास फुकट नेट मिळालं. मेलचा पासवर्ड कुणी मागितला नाही. बहीण शेजारून सगळं बघत होती. म्हणाली, "त्या रात्री मला उठवलं का नाहीस? वायफायला मेलचा पासवर्ड कशाला लागतो, हे मी तरी विचारलं असतं." मला उत्तर सुचलं नाही. तिच्या प्रवेशाची पोच उतरवून घेतली आणि नेटवर्कवर बोट दाबून 'विसरा' केलं.

हे 'विसरा' मला आधी माहीतच नव्हतं. बिनपासवर्डचं नेटवर्क एकदा लावलं की फोन त्याचं नाव लक्षात ठेवतो आणि पुढं त्याच नावाचं उघडं नेटवर्क कुठंही दिसलं की न विचारता जोडून घेऊ शकतो, ते चालवणारा कुणीही असो.

घरी आल्यावर अण्णांचा फोन घेऊन बसलो. आधी त्यांच्या नंबरवर ओटीपी मागवून आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, म्हणजे त्यांच्या नावानं कुणाचा अंगठा चालणार नाही. त्यांना हेही सांगितलं की रेशनला किंवा बँकेत अंगठा द्यायचा असेल त्या दिवशी मला आवाज द्या, तेवढ्यापुरतं उघडून देतो. मग वायफायची जुनी यादी उघडली. नांदेडचा दवाखाना, परभणीचं मंगल कार्यालय, हिंगोलीला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये गेलो होतो तिथलं. एकेक नाव वाचून दाखवलं आणि त्यांना विचारत पुसत गेलो. दवाखान्याच्या नावाशी ते थांबले. आई तिथं अकरा दिवस ॲडमिट होती. "ते कशाला ठेवायचं," म्हणाले, "काढ."