आमच्या वाट्याचा मधला मजला

सकाळी सव्वापाचला मोरीतला नळ आधी फुसफुसतो, मग खोकतो आणि मग त्याला पाणी येतं. पूर्वी त्या आवाजाने मी एकटी उठायचे. आता माझ्याआधी पाच जण उठून बसलेले असतात. तीन मांजरं आणि दोन फेरेट, म्हणजे लांबट अंगाचे छोटे पाळीव प्राणी. एरवी मांजरं दिवसाचे बारा-चौदा तास झोपतात आणि फेरेट त्यांच्याहून वरताण, चौदा ते अठरा तास. पण पहाट आणि तिन्हीसांज या दोन वेळा दोन्ही जमातींना जागं राहायच्या. मुलुंडला पाणी सोडायची वेळ महापालिकेने यांना विचारून ठरवली असावी.

मांजरांचं फार सांगायला नको, ती सगळ्यांकडे असतात. तात्या वॉचमनच्या केबिनमधून वर आला. भुरी पावसात जिन्यात सापडली. काकू कशी आली ते कोणालाच आठवत नाही. बहुधा दार उघडं दिसलं, आत शिरली आणि राहिली. फेरेट मात्र माझ्या भाच्याचे. "मावशी, फक्त दोन वर्षं," असं म्हणून तो जर्मनीला शिकायला गेला, त्याला आता चौथं वर्ष लागलं. जाताना एक पिंजरा, एक कापडी झोळी आणि दोन लांबडे जीव ठेवून गेला. नर तो पक्या. मादीचं नाव सुरळी, कारण ती झोपली की हुबेहूब सुरळीची वडी दिसते. फक्त वर खोबरं-कोथिंबीर भुरभुरायची बाकी.

फेरेट म्हणजे युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्याचा पाळीव अवतार. ससे बिळातून हुसकावायला माणसाने तो दोन हजारांहून जास्त वर्षं सांभाळला. आमच्या मजल्यावर हे कोणाला पटत नाही. पहिल्याच दिवशी सासूबाई पिंजऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" पक्याने तोंड दाखवलं आणि भलीमोठी जांभई दिली. "बघ, शकुन झाला," आई म्हणाल्या. तेव्हापासून तो मुंगूसच आहे.

घर ४२० चौरस फुटांचं, त्यात आम्ही तिघं आधीच होतो. पाच जनावरं मावणार कुठे, हा प्रश्न आम्ही सोडवलाच नाही. त्यांनी सोडवला. मुंबईत जागा आडवी मिळत नाही, उभी मिळते, हे त्यांना आमच्याआधी कळलं. फ्रिजचं डोकं, कपाटाचा माथा, पोटमाळा, देव्हाऱ्यावरची फळी असं कमरेच्या वरचं सगळं मांजरांनी घेतलं. फेरेटला उंच उडी जमत नाही आणि लांबचं नीटसं दिसतही नाही. सगळा कारभार नाकावर. त्यामुळे आईंच्या कॉटखाली, कपाटामागे, सिलिंडरच्या पलीकडे आणि अस्तर फाडून सोफ्याच्या पोटात असं खालचं सगळं त्यांचं. मधला पट्टा आमच्याकडे आला. तोही भाड्याने असल्यासारखा.

ही वाटणी व्हायला पंधरा दिवस लागले, आणि ते भाषेच्या घोळामुळे. मांजर पाठीची कमान करून, अंग फुगवून आडवं उभं राहिलं, की अर्थ एकच: पुढे आलास तर फाडीन. फेरेटसुद्धा पाठीची कमान करतो आणि आडव्या उड्या मारतो, पण आनंदाने. चल, खेळू या! वर तोंडाने कोंबडी कुरकुरल्यासारखा डुक-डुक आवाज. हिंदी माणूस 'शिक्षा' म्हणाला की त्याला शिक्षण म्हणायचं असतं आणि आपल्या डोळ्यांपुढे छडी येते, त्यातलाच प्रकार. पक्या खेळायला बोलावतोय आणि तात्याला वाटतंय, युद्ध पुकारलं. तात्या फिस्कारला तर पक्याला ते कळेचना, तो आणखी उड्या मारत पुढे. शेवटी तात्याने नख न काढता एक सणसणीत थोबाडीत दिली. पक्या गडगडला, उठला आणि दुप्पट आनंदाने परत आला. इतक्या निर्मळ मनाच्या प्राण्याशी भांडायचं कसं, हे न कळून तात्या फ्रिजवर गेला. तो वरचा मजला झाला तो असा.

वासाबद्दल सगळे विचारतात. येतो. फार आंघोळी घातल्या तर अंगातलं तेल वाढून जास्त येतो, म्हणून आम्ही त्यांची अंथरुणं धुतो. जुलैत ती वाळत नाहीत, मग ती पंख्याखाली आणि आमचे कपडे दांडीवर दमट. उन्हाळ्याचं मात्र गंमतीवारी नेता येत नाही. तिशीच्या पुढे पारा गेला की फेरेटला उष्माघात होऊ शकतो, कारण त्यांना घाम गाळून अंग थंड करता येत नाही. लग्नानंतर बावीस वर्षं नवरा म्हणत होता, "एसी कशाला, खिडकीतून छान वारा येतो." तो एसी मुंगसांसाठी आला. मी याबद्दल अजून काही बोललेले नाही, पण विसरलेलेही नाही.

एकदा सुरळी मेली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. सकाळी साडेआठला झोळीतून उचलली तर मान एकीकडे, पाय दुसरीकडे, ओल्या मोज्यासारखी लोंबकळलेली. हाक मारली, हलवली, काही नाही. मी रडतरडत भाच्याला फोन लावला. तिकडे पहाटेचे पाच. "मावशी, ते असेच झोपतात गं," तो डोळे न उघडता म्हणाला, "नाकाखाली काहीतरी वासाचं धर." आईंनी डब्यातून सुका बोंबील काढला आणि तिच्या नाकाशी नेला. आधी मिश्या थरथरल्या. मग नाक. मग एक डोळा. मग सुरळीने बोंबील दातात धरला, माझ्या हातातून घसरली आणि तो ओढत कॉटखाली गेली.

कॉटखाली काय आहे, हे त्यानंतर आम्ही पाहिलं. फेरेटच्या शास्त्रीय नावात, मुस्टेला फ्युरोमध्ये, 'फ्युरो' हा शब्द लॅटिनमधल्या चोराशी नातं सांगतो. नाव ठेवणाऱ्याने माणसं ओळखली होती. मोज्यांपैकी सगळे डावे (मी खरंच मोजले), रिमोटचं झाकण, आईंच्या काठीचं खालचं रबर, देवाची छोटी घंटा, बोंबील, आणि कुकरच्या तीन रिंगा. त्या तीन रिंगांसाठी मी तीनदा स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने तिसऱ्यांदा विचारलं होतं, "ताई, कुकरच बदला ना." वरण कच्चं राहतंय म्हणून मी डाळीला बोल लावला, गॅसला लावला, एकदा तर नवऱ्यालाही लावला.

इथे हसू थांबतं, कारण फेरेटला रबर भारी आवडतं आणि गिळलं तर आतड्यात अडकून बसतं. मग बहुतेक वेळा पोट फाडूनच काढावं लागतं. म्हणून घरातलं रबर मी वेचून काढलं. खोडरबर, पाण्याची नळी, रबरी चपला, सगळं दाराआड. रिंग रोज धुऊन ओट्याच्या वर खिळ्याला टांगायला लागले. म्हणजे मांजरांच्या हद्दीत. बिनघोर.

गेल्या मंगळवारी कांदा चिरताना पाहिलं. भुरी फ्रिजवरून वाकली, पंज्याने रिंग हलवली. थांबली. खाली बघितलं. पुन्हा हलवली. रिंग खिळ्यावरून सुटली, ओट्यावर आपटली आणि चाकासारखी गोल फिरत खाली गेली. खाली पक्या उभा होता. मान वर करून.

नवरा म्हणाला, योगायोग. गुरुवारी पुन्हा झालं तेव्हा तो काही म्हणाला नाही. परवा तिसऱ्यांदा मी गाऊन खोचून, मोबाईलचा टॉर्च लावून कॉटखाली सरपटले. समोर पक्या रिंगेच्या मधोमध बसलेला. कॉटच्या कडेवरून भुरीचं तोंड उलटं लोंबत होतं. मी हात पुढे केला, त्याने रिंग थोडी मागे ओढली.

"कुकर लावलास का गं?" वरून आईंनी विचारलं.